खोलून ठेवलेली एफसी पिकअप कशी विकावी: सुट्या भागांच्या गाड्यांसकट, बेळगाव भागातल्या मालकांसाठी

येळ्ळूरच्या शेतातल्या शेडमध्ये माझ्या तीन गाड्या आठ वर्षं होत्या. एक चाकांवर, दुसरी लाकडी ठोकळ्यांवर, तिसरीचा नुसता सांगाडा. तिन्ही महिंद्राच्या एफसी-१५० पिकअप. ही गाडी अमेरिकेत विलीस कंपनीनं १९५७ च्या मॉडेलवर्षासाठी आणली आणि पुढे महिंद्रानं ती इकडे बांधली. नाक नसलेलं तोंड, ड्रायव्हर आणि क्लीनरच्या मधे इंजिन, ८१ इंचांचा आखूड व्हीलबेस आणि मागे हौदा. माझी मुख्य गाडी निपाणीत तंबाखू वाहायची. सुट्या भागांसाठी घेतलेली पहिली खानापुरातल्या लाकडाच्या वखारीत पडून होती, दुसरी चंदगडकडून आणली. एक पुरी करायची, बाकीच्या दोघींनी तिला भाग पुरवायचे, असा बेत होता.

बेत पुरा झाला नाही. गेल्या वर्षी तिन्ही एकत्र विकल्या, आणि आज ती गाडी दुसऱ्याच्या हातून उभी राहते आहे. आपल्या भागात अशा खोलून ठेवलेल्या गाड्या कितीतरी गोठ्यांत आणि परसांत आहेत. त्या भंगारात जाऊ नयेत, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. म्हणून विक्री कशी केली, कुठे चुकलो, ते क्रमानं लिहितो.

आधी ठरवा: एकत्र की तोडून

विकायचं मनात आलं की पहिला फोन सुट्या भागांसाठीच येतो. मलाही आला. एका जीपवाल्याला ट्रान्सफर केस, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी, हवा होता, भाव बरा होता, मी देऊन टाकला. ती माझी सगळ्यात मोठी चूक. पुढचे तीन गिऱ्हाईक गाडी बघून, आवडूनसुद्धा, तेवढ्या एका गोष्टीवर परत गेले.

यामागचं कारण नीट समजून घ्या. एफसीचं इंजिन म्हणजे सीजे-३बी जीपचंच २१९९ सीसीचं एफ-हेड पेट्रोल इंजिन. इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये. ट्रान्सफर केसही जीपच्याच घराण्यातला. जीपवाले हे भाग लगेच उचलतात. पण दारं, समोरच्या काचेची चौकट, जाळी, डॅशबोर्ड, इंजिनावरचं झाकण हे सगळं फक्त एफसीचं, आणि एफसी बांधणाऱ्यालाच त्याची किंमत. जीपचे भाग आधी गेले की मागे नुसता पत्रा उरतो आणि तो पत्रा कुणाच्याच कामाचा राहत नाही. म्हणून मुख्य गाडीचे कागद आणि चॅसिस धड असतील तर सगळं एकाच माणसाला द्या. चॅसिसच मोडलं असेल किंवा कागद मुळातच नसतील, तर मात्र भाग म्हणून विकणं हाच सरळ मार्ग.

कागद: तिन्ही गाड्यांचे वेगवेगळे

पाना हातात घेण्याआधी तीन फायली करा. प्रत्येक गाडीचा चॅसिस नंबर तारेच्या ब्रशनं साफ करून त्यावर कागद ठेवा आणि पेन्सिल घासून छाप घ्या. इंजिन नंबर या इंजिनावर पुढच्या बाजूला, वॉटर पंपाच्या मागे ब्लॉकवर ठोकलेला असतो. त्याचाही छाप घ्या. मग हे आकडे आरसी बुकाशी एकेक अक्षर लावून बघा.

इंजिन नंबर जुळला नाही तरी घाबरू नका. पेट्रोल परवडेना म्हणून आपल्याकडे किती पिकअपमध्ये डिझेल इंजिन बसवलं गेलं, ते प्रत्येक जुन्या मेस्त्रीला माहीत आहे. पण असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली येतो आणि त्याची नोंद आरसीवर लागते. नोंद नसेल तर गिऱ्हाइकाला पहिल्याच भेटीत सांगा. चॅसिस नंबर जुळत नसेल, तर विक्री तिथेच थांबवा आणि आधी आरटीओत जा.

आमच्या मुख्य गाडीचं दुखणं वेगळं होतं. मी ती निपाणीच्या मालकाकडून घेतली, मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० त्यांच्या सह्यांसकट घेतले आणि फाइलमध्ये ठेवून दिले. गाडी पुरी झाली की नाव चढवू, असा विचार. मधल्या काळात मालक वारले. आता त्या सह्या दाखवून नाव चढवणं सरळ मार्गानं शक्य नव्हतं. निपाणीला त्यांच्या मुलांकडे चार खेपा झाल्या. वारसाचा कागद आणि बाकी भावंडांची संमती जमवली, फॉर्म ३१ वर गाडी आधी थोरल्या मुलाच्या नावे झाली, मग माझ्या. त्या घरानं आढेवेढे घेतले असते तर काम तिथेच अडलं असतं. तुमच्या फाइलमध्ये असे सह्या केलेले कोरे फॉर्म पडून असतील तर हा लेख बाजूला ठेवा आणि सही करणारा माणूस हयात असेतो नाव चढवून घ्या.

आरटीओ कुठलं, तेही बघा. बेळगाव केए-२२, चिक्कोडी २३, बैलहोंगल २४, गोकाक ४९. निपाणीची गाडी चिक्कोडीला लागते. नोंद फार जुनी असेल तर ती परिवहनच्या संगणकावर दिसतच नाही. आधी तिची बॅकलॉग नोंद करून घ्यावी लागते, मगच पुढचे अर्ज ऑनलाइन भरता येतात. १ नोव्हेंबर १९५६ ला आपला जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्याआधीची गाडी असेल तर तिचं मूळ बुक त्या काळचं असणार. ते पिवळं पडलेलं पुस्तक प्लास्टिकमध्ये घालून जपा. जुन्या गाड्यांची जाण असलेला गिऱ्हाईक त्यासाठीच दोन पैसे जास्त मोजतो.

पिकअप मालवाहू म्हणून नोंदलेली असेल तर आणखी दोन गोष्टी. एक, थकलेला कर. किती थकला, ते एजंटच्या तोंडी आकड्यावर सोडू नका, आरटीओतून काढून घ्या. दुसरी, फिटनेस. मालवाहू गाडीची नोंदणी फिटनेस असेल तरच चालू धरतात, आणि आठ वर्षांपेक्षा जुन्या गाडीला तो दरवर्षी लागतो. खोललेल्या गाडीला फिटनेस मिळणार कुठून? म्हणून जाहिरातीत साफ लिहा: नोंदणी आहे, फिटनेस नाही, गाडी पुरी केल्यावर खरेदीदारानं पासिंग करून घ्यायचं. आरसीवर बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि त्या संस्थेचं पत्र लागतं. कर्ज कधीच फिटलं असलं तरी बुकावरचा शिक्का आपोआप निघत नाही.

‘व्हिंटेज’ हा शब्द जपून वापरा. केंद्राच्या जुलै २०२१ च्या नियमांत पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी आहे. फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण चारचाकींत ती एम-१, म्हणजे प्रवासी वर्गासाठी आणि खाजगी वापरासाठी आहे. शिवाय चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा लागतो. मालवाहू नोंदीची, डिझेल इंजिन घातलेली पिकअप त्यात बसत नाही. ‘व्हिंटेज नंबर मिळेल’ असं सांगून विकलीत तर उद्या तो माणूस तुमच्या दारात उभा राहील, आणि त्याचं बरोबरच असेल.

आता सुट्या भागांच्या गाड्या. खानापूरच्या गाडीला आरसी होती, पण ती पुन्हा रस्त्यावर येणं शक्यच नव्हतं. अशा गाडीची नोंदणी कलम ५५ प्रमाणे रद्द करून घ्या. त्यासाठी बऱ्याच ठिकाणी चॅसिस नंबरचा कापलेला तुकडा मागतात, म्हणून तो भाग आधीच कापून फेकू नका. चंदगडच्या सांगाड्याला कागदच नव्हते. ती मी ‘गाडी’ म्हणून विकलीच नाही. पावतीत एकेक भाग मोजून लिहिला. इथे एक मोह होतो: एकीचे कागद चांगले, दुसरीचा सांगाडा चांगला, मग नंबर इकडचा तिकडे लावू. हे कुणी सुचवलं, अगदी ओळखीच्या मेस्त्रीनं सुचवलं, तरी ऐकू नका. नंबर बदललेली गाडी म्हणजे गुन्हा, आणि तो पुढच्या प्रत्येक मालकाच्या गळ्यात पडतो.

शेड उघडा, मोजणी करा

माझ्या गाडीचं काम ज्यांनी सुरू केलं ते मेस्त्री म्हणाले होते, “मालक, गाडी मागनं दाखवा, आधी बोल्टचा डबा दाखवा.” तेव्हा मला ते कळलं नव्हतं. आता पटतं. खोललेल्या गाडीत गिऱ्हाइकाला खरी भीती असते ती न दिसणाऱ्या गोष्टींची. गंज दिसतो, त्याचा हिशेब मांडता येतो. पण कॅबिनचे बुश आहेत की नाहीत, वायपरची मोटर कुठे गेली, हे न कळल्यामुळे तो भाव निम्म्यावर आणतो.

चार रविवार काढा. मोठी वही घ्या. प्रत्येक डब्याला, प्रत्येक भागाला नंबर द्या. पत्र्याचे छोटे तुकडे कापून त्यावर नंबर ठोका आणि तारेनं बांधा. कागदाची चिठ्ठी एका पावसाळ्यात गळून जाते. वहीत नंबरापुढे चार गोष्टी: काय आहे, कुठल्या गाडीचं, कोणत्या अवस्थेत, काय करून घेतलं. माझी यादी १८६ नोंदींची झाली. शेवटचं पान सगळ्यात महत्त्वाचं. त्यावर ‘नाही’ अशी यादी करा. माझ्या त्या पानावर ट्रान्सफर केस, डावीकडच्या दाराची काच, स्पीडोमीटरची केबल आणि हौद्याच्या मागच्या फाळक्याची एक कडी होती. हे पान पुढे करायला संकोच वाटतो, पण सौदा त्याच पानावर जुळला.

इंजिनाबद्दल अंदाज लिहू नका, बघून लिहा. चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे इंजिन ऑइल सोडा, दोन दिवस थांबा. मग क्रँक पुलीच्या नटला पाना लावून हातानं हळू फिरवा. फिरलं नाही तर जोर लावू नका, वहीत ‘जाम’ असं लिहा. फिरलं तर बाजूचं झाकण काढून ब्लॉकमधले एक्झॉस्ट व्हॉल्व्ह वरखाली होतात का ते बघा. या इंजिनात बरेच दिवस उभं राहिल्यावर तेच अडकतात. स्टार्टर चालत असेल तर कंप्रेशन मोजा. चार सिलिंडरांत १० पीएसआयपेक्षा जास्त फरक नसावा. आकडे जसे येतील तसे लिहा.

उद्यमबागेत आपल्याला जी सोय आहे ती दुसऱ्या किती गावांत असेल, मला शंका आहे. ओतकाम, क्रँक ग्राइंडिंग, बोअरिंग, सगळं एका परिसरात होतं. तिथे काही करून घेतलं असेल तर बिल वहीला जोडा आणि माप लिहा: बोअर किती ओव्हरसाइज, बेअरिंग किती अंडरसाइज. ‘इंजिनचं काम केलंय’ या वाक्याला किंमत नाही. ‘बोअर ०.०३० इंच ओव्हरसाइज, पिस्टन डब्यात, रिंगा बसवलेल्या नाहीत’ याला आहे.

पत्र्याला रंग लावू नका, लांबी (पुट्टी) भरू नका, प्रायमरसुद्धा नको. ताजा प्रायमर दिसला की जाणकार माणूस आधी तिथेच चुंबक लावतो. धूळ झाडा, उंदरांची घरटी काढा, गंज जसा आहे तसा दिसू द्या. एवढं मात्र करा: कॅबिन चॅसिसवर चार बोल्टांवर टेकवा, दारं बिजागरीत अडकवा, चाकांत हवा भरा, ब्रेक मोकळे करा. गाडी ढकलल्यावर दहा फूट पुढे गेली पाहिजे. ढीग बघणारा माणूस ढिगाचा भाव करतो. चाकांवर उभी, तोंड लागलेली एफसी समोर आली की त्याला पुरी झालेली गाडी दिसायला लागते.

किंमत

तुमची बिलं बाजूला ठेवा. आठ वर्षांत किती घातले, याचं पुढच्या माणसाला काही देणंघेणं नाही. हे कडू आहे, पण एकदा मान्य केलं की मन मोकळं होतं.

मी दोन टोकं काढली. खालचं टोक म्हणजे मोडीत घातली तर मिळणारे पैसे. वरचं टोक म्हणजे अशी गाडी पुरी होऊन चांगल्या स्थितीत विकली तर येईल ती रक्कम, वजा उरलेल्या कामाचा खर्च, वजा पुढच्या माणसाची जोखीम. रीत कळावी म्हणून आकडे घेऊ. समजा पुरी गाडी सहा लाखांना जाते. इंजिनाला १ लाख २० हजार, पत्रा आणि रंग दीड लाख, वायरिंग, टायर, काचा, ब्रेक मिळून ८० हजार, म्हणजे साडेतीन लाख. जोखमीचे ७५ हजार. वरचं टोक आलं पावणेदोन लाख. तिन्हींचं लोखंड मिळून तीन टन आणि मोडीचा दर किलोला तीस धरला तर खालचं टोक ९० हजार. सौदा या दोहोंच्या मधे कुठेतरी. तुमचे आकडे तुमच्या मेस्त्रीकडून, पेंटरकडून आणि मोडवाल्याकडून घ्या, तेही लेखी.

गिऱ्हाईक शोधताना

जाहिरातीत गाडीचं नाव, नोंदणीचा वर्ग, तिन्हींच्या कागदांची स्थिती, इंजिन फिरतं की जाम, आणि ‘नाही’ची यादी, एवढं पहिल्या दहा ओळींत द्या. फोटो चाळीस तरी हवेत: चॅसिसचे जोड, कॅबिनचा तळ, दारांची खालची कड, स्प्रिंगच्या पाट्यांचे हँगर. आरसी बुकाच्या फोटोत नाव-पत्ता झाका. मराठीबरोबर इंग्रजी आणि कन्नडमध्येही चार ओळी टाका. गोव्यातून, हुबळी-धारवाडातून विचारणा येते. कोल्हापूर-इचलकरंजीकडचे मेस्त्री आणि जीपप्रेमींचे गट यांच्यापर्यंत पोचलात तर खरा माणूस तिथेच मिळण्याची शक्यता जास्त.

फसवणुकीची एक पद्धत आपल्या गावात जास्त लागू पडते. फोनवरचा माणूस स्वतःला लष्करातला म्हणवतो, गाडी न बघता भाव मान्य करतो आणि ‘पैसे घेण्यासाठी’ क्यूआर कोड पाठवतो. बेळगाव मराठा लाइट इन्फंट्रीचं गाव, वर्दीवर आपला विश्वास चटकन बसतो. पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. गाडी डोळ्यांनी न बघणाऱ्याशी पुढे बोलूच नका.

बघायला येणाऱ्याला घाई करू नका. माझा खरेदीदार कोल्हापूरचा तरुण. येताना मेस्त्रीला घेऊन आला, वही घेऊन चार तास डबे उघडत बसला. “काका, हे शेवटचं पान आधी कुणी दाखवलं नव्हतं,” म्हणाला. त्यानं थोडं कमी सांगितलं, मी थोडं सोडलं. इसार घेतला आणि पावतीवर उचलण्याची तारीख लिहिली: मेअखेर. ही तारीख लिहाच. जूनमध्ये खानापूर-येळ्ळूरकडच्या शेतात ट्रक रुतला की काय होतं, ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

लेखी व्यवहार आणि उचल

पावतीत तारीख आणि वेळ, मुख्य गाडीचे दोन्ही नंबर, ‘आहे त्या स्थितीत, खोललेली, रस्त्यावर चालवण्यायोग्य नाही’ हे शब्द, आणि जोडपत्र म्हणून पूर्ण वही. प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, ओळखपत्रांच्या प्रती. रोख घेत असाल तर एका व्यवहारात दोन लाख किंवा त्यावर घेऊ नका, आयकर कायद्याप्रमाणे ते चालत नाही. बँकेतून घेतलेलं सगळ्यात बरं.

फॉर्म २९ आणि ३० वर खरेदीदाराचं नाव आणि तारीख घालूनच सही करा. कोरी सही नको. राज्यातल्या राज्यात विक्री कळवायला तुम्हाला १४ दिवस आहेत. गाडी कोल्हापूर, सिंधुदुर्ग किंवा गोव्यात जाणार असेल तर फॉर्म २८ वर ना हरकत दाखला घ्यावा लागतो आणि मुदत ४५ दिवसांची. हा दाखला इसार मिळाल्याबरोबर मागा, त्याला वेळ लागतो. कागदावर तुमचं नाव आहे तोवर जबाबदारी तुमची. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ सालच्या निकालात हेच सांगितलं: आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईसाठी मालक तोच.

उचलताना दोरीनं ओढत नेऊ देऊ नका. ब्रेक नसलेली गाडी तवंदी घाटात मागे बांधून नेणं म्हणजे जिवाशी खेळ. सपाट हौद्याचा ट्रक मागवा, एक्सलला पट्टे बांधा, दारं आणि काचा वेगळ्या काढून गोणपाटात गुंडाळा. आमच्या दोन खेपा झाल्या. पहिलीत मुख्य गाडी आणि सगळे डबे, दुसरीत दोन्ही सांगाडे. ड्रायव्हरजवळ विक्रीपावती, आरसीची प्रत आणि भागांची यादी दिली. राज्याच्या सीमेवर कोगनोळीजवळ कुणी थांबवलं तर लोखंड कुणाचं, हे दाखवता आलं पाहिजे.

मग महिन्याभरानं परिवहनच्या संकेतस्थळावर नंबर टाकून नाव बदललं का बघा. बदललं नसेल तर खरेदीदाराला फोन करा, आणि फॉर्मच्या पोचपावत्या जपून ठेवा. वहीची एक झेरॉक्सही स्वतःकडे असू द्या. माझ्याकडे होती. जुलैत भर पावसात त्या मुलाचा फोन आला, “काका, ४१ नंबरच्या डब्यातले बुश कुठले?” पान उलटलं आणि सांगितलं: खानापूरच्या गाडीचे, कॅबिनच्या मागच्या जोडाचे, चारातले दोन नवीन.